गाडीमागे राहिलेली

भुतांच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही दुपारी घडली.

मनाने रचली असती तर मीही रात्रीचीच रचली असती.

साल १९५८, चैत्र. मारेगावकडून वणीला जाणारी कच्ची वाट. बैलगाडीत माझे वडील पंजाबराव, आई पंचफुला आणि तिच्या मांडीवर माझी मोठी बहीण नलू. वय सहा. माझा जन्म व्हायचा होता. त्यामुळे हे सगळं आईकडून ऐकलेलं.

शेवटचं सोडून. शेवटचं माझ्यासमोर झालं.

नलूला गोवर आला होता. दाणे विरले. पोरीने भाकर मागितली. घराने सुटकेचा श्वास सोडला.

मग ताप परत आला.

पोर नुसती झोपू लागली. हलवलं तर डोळे उघडायचे, पण त्या डोळ्यांना आई ओळखू येत नव्हती. मान मागे ताठली. एक हात आपोआप झटके देऊ लागला.

शेजारणी म्हणाल्या, पोरीला वेशीबाहेर नेऊ नका, माता कोपते. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते.

"माता नदीत गेली," ते म्हणाले. "आता दवाखान्यात जाऊ."

गाडी शेजारच्या उकंडाची. वाटेत आईचं एकच चाललं होतं. नलू, ए नलू. नलू.

"वयनी, पोरीले नावानं नोको बोलावू," उकंडा म्हणाला.

"काहून?"

"जे न्यायले येते, थे नाव ऐकते. माह्यंच पाह्य ना. माह्याआधीचे समदे भाऊ गेले. मंग मायनं मले उकिरड्यावर लोळवलं, नाव ठेवलं उकंडा. कचरा कोन नेते? राह्यलो मी."

"तू कोनाच्यानं उचलवला नसन," वडील म्हणाले. "आपन देव सोडले, तू हे बी सोड. हाक गाडी."

आई हसली नाही. मांडीवरच्या पोरीची छाती हलायची थांबली होती.

तिने उकंडाचं ऐकलं. दुसरं नाव घ्यायचं. कोणतंही. शोधायला वेळ नव्हता, तोंडात होतं तेच बाहेर आलं.

"इंदू... ए इंदू, ऊठ वं माय."

थांबा. इंदू कोण, ते आधी सांगायला हवं होतं.

इंदू आईची पहिली मुलगी. नलूच्या जन्माआधीच गेली. तिलाही गोवर येऊन गेला होता, आणि मग असाच ताप. तिचं नाव घरात कोणी काढत नसे. अशी एक बहीण होती, हेसुद्धा नलूला माहीत नव्हतं.

आता परत गाडीत.

बैलांच्या घुंगरांचा आवाज... बंद झाला.

बैल चालतच होते.

चाकांचा आवाज नाही. पाखरांचा नाही. ऊन तेवढं होतं.

मग मांडीवरून...

"ओ."

पोरीने डोळे उघडले. आईकडे पाहिलं. ओळखलं.

आणि गाडीच्या मागून...

"माय, थांब नं. मी मांगं राह्यली."

नलूचा आवाज.

आईने वळून पाहिलं. पांढरी वाट. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उपटलेली उघडी वावरं. लपायला झुडूप नाही.

"मांगं पाहू नोको, वयनी." उकंडा स्वतः वळला नव्हता. त्याने बैल पळवले.

"काय पाहू नोको? काय झालं?" वडिलांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मागचा आवाज धापा टाकत होता. मांडीवरची पोर श्वास घेत होती.

आई 'थांबवा' म्हणाली नाही.

वणीच्या डॉक्टरांनी पोर वाचवली. म्हणाले, गोवरानंतर क्वचित मेंदूला सूज येते, ही नशिबाने उठली. काही गोष्टी विसरेल. हळूहळू आठवेल.

ती विसरली. नलू म्हटलं की इकडेतिकडे पाहायची. इंदू म्हटलं की "ओ".

"तूच त्या नावानं उठवली तिले," वडील म्हणायचे. "आजारपणात डोक्यात बसलं."

पटण्यासारखं होतं.

पण घरी आल्या आल्या ती परसात गेली. रिकाम्या जागेवर उभी राहिली.

"इथं निंब होता. माहा झोका होता. कुठी गेला?"

निंब होता. नलूच्या जन्माआधीच तोडलेला.

वडील म्हणाले, कोणीतरी सांगितलं असेल. कोणी, ते त्यांनी विचारलं नाही.

मग दुपारी वाटेकडून हाक येऊ लागली. "माय..." बारीक. दमलेली. घर चुकल्यासारखी.

एका दुपारी आईला राहवलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहिली. नलूला हाक मारायला तोंड उघडलं...

मागून लुगड्याला ओढ बसली.

"नोको बोलावू तिले. ती आली त मले जा लागन."

आई किती वेळ तशी उभी होती, ते तिने मला कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तिने दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी मी जन्मले. घरात ताईला सगळे इंदूच म्हणायचे. मीही. तिने मला भरवलं, माझ्या वेण्या घातल्या. तिच्यासारखी माया मला कोणी केली नाही. हे मुद्दाम सांगते.

१९६९. आईला कावीळ झाली, डोक्यात गेली. भर दुपार. वडील बाहेर. आईला माणसं ओळखू येत नव्हती. ती छपराकडे पाहत होती, आणि एकदम, अगदी स्वच्छ आवाजात...

"नलू. ये वं घरी."

ताईने आईच्या तोंडावर हात ठेवला. हळूच. घाबरलेल्या लेकराच्या तोंडावर ठेवतात तसा. तिचे डोळे भरले होते.

उशीर झाला होता.

बाहेर वाटेवरून पावलं आली. लहान. अनवाणी. धावत. अंगणात... ओट्यावर... दाराशी.

थांबली.

कडी लागलेली नव्हती. ताईचा एक हात आईच्या तोंडावर होता. दुसरा तिने माझ्याकडे केला.

"मले घट्ट धर," ती म्हणाली.

मी धरलं.

आई त्याच संध्याकाळी गेली. ताई आजही माझ्याजवळ राहते.

त्या दिवशी मी इंदूला धरून ठेवलं की नलूला, ते मला माहीत नाही.