जांभळीच राहिलेली नळी

प्रयोगशाळेबाहेरच्या खोलीत मी डबा उघडला, तेवढ्यात तो दार ढकलून आत आला. बाहेर भुरभुर पाऊस… भिजलेले केस, आणि शर्टाआड जपून धरलेली दुधाची बाटली.

"मॅडम, एवढं तपासून द्याल?"

"कोणी पाठवलंय?"

"कोणी नाही. गोठा माझाच आहे."

मी बघतच राहिले. आमच्याकडे दुधाचे नमुने यायचे ते सरकारी निरीक्षकांनी पकडून आणलेले. आपल्या पायांनी कोण येतं?

त्याच्या वडिलांनी आजारी गायीला इंजेक्शन दिलं होतं आणि सांगायचं राहून गेलं. तिचंही दूध टाकीत मिसळलं. "टाकी आज मुलांच्या दवाखान्यात जायचीय," तो म्हणाला. "नाही पोचली तर कंत्राट जाईल. पण औषध कायद्याच्या मर्यादेबाहेर असेल तर…"

मी दुधाचे थेंब जांभळ्या नळीत सोडून ती गरम पेटीत ठेवली. रंग पिवळा झाला तर दूध चांगलं. जांभळाच राहिला, तर औषध उतरलंय.

"बसा. दुपार जाईल यात."

"माझ्यामुळे तुमचं जेवण राहिलं."

"मग निम्मं तुम्ही खा. कोणी असं बघत असलं की मला घास उतरत नाही."

त्याचे कान लाल झाले. "मी… पेटीकडे बघत होतो."

"पेटी त्या बाजूला आहे."

तो हसला, आणि मुकाट्यानं डब्याकडे सरकला.

संध्याकाळी पेटी उघडली. नळी जांभळीच होती.

"तुम्ही आला नसतात तर कोणाला कळलंही नसतं," मी हळूच म्हणाले.

"आजारी पोरं असतात हो तिथे."

त्यानं माझ्यासमोरच दवाखान्याला फोन लावला. पलीकडून काय बोलणी बसली कोण जाणे. तो नुसता "हो… हो" म्हणत राहिला. "गेलं कंत्राट," फोन ठेवून म्हणाला.

दूध नष्ट होताना कोणीतरी हजर हवं, असं साहेबांना सांगून मी त्याच्याबरोबर निघाले.

गोठ्यामागे शेणखताचा खड्डा होता. वडील मान खाली घालून उभे. त्यानं एका हातानं त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं टाकीची तोटी सोडली. पांढरीशुभ्र धार कोसळत राहिली… वडील रडत होते आणि तो त्यांचा हात सोडत नव्हता. इतकी वर्षं मी कायद्यातले आकडे घोकले होते. कायदा असा पाळणारा माणूस इतक्या जवळून पाहिला नव्हता.

टाकी रिकामी झाली. वडील आत गेले. आम्ही दोघंच उरलो.

"उद्याच्या दुधाचा नमुना न्यायला मी येईन," मी म्हणाले.

"मी आणून देतो की."

"माहीत आहे…"

तो थबकला. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. या वेळी पेटीचं निमित्त नव्हतं.

"ये मग," तो म्हणाला.

'या' नाही. ये.