न सांधलेलं हाड

घळवस्तीत सोळाव्या वाढदिवसाचा गाजावाजा कुणी करत नसे. चंद्राच्या पोटातल्या त्या लांबलचक गुहेत जन्मलेल्या प्रत्येकाला त्यानंतर काही वर्षांतच ठरवावं लागे, पृथ्वीवर उतरायचं की कायमचं इथंच राहायचं. उतरणारा एकटाच उतरे. आईबापांची हाडं इथल्या हलक्या वजनात इतकी विरलेली असत, की पृथ्वीवर त्यांना धड उभंही राहता आलं नसतं. या एकेरी प्रवासाला वस्तीत 'उतरण' म्हणत, आणि तो शब्द निघाला की बायका दुसरीकडे बघत.

सगळं अडलं होतं ते एका हाडावर. पाठीचा कणा संपत येतो तिथं, दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांमध्ये पाचर ठोकल्यासारखं एक तिकोनी हाड असतं. त्रिकास्थी त्याचं नाव. धडाचं सगळं वजन ते झेलतं आणि दोन्ही पायांत वाटून देतं. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला तर कमानीचं जे होईल, तेच या हाडावाचून माणसाचं होईल. गंमत अशी, की जन्मतः ते एक हाड नसतंच. पाच सुटे मणके असतात, आणि माणूस वयात येताना ते हळूहळू सांधून एक होतात. पृथ्वीवर हे आपसूक घडतं, कुणाला पत्ताही लागत नाही. पण हाड मोठं व्यवहारी असतं. जेवढा भार पडेल तेवढंच ते बळकट होतं. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, त्यामुळे इथल्या मुलांचे मणके सुटेच राहत.

त्यावर उपाय म्हणून भारपट्टा निघाला. खांद्यांपासून बुटांपर्यंत ताणलेल्या स्प्रिंगांचा हा साज मुलं दिवसभर अंगावर वागवत. स्प्रिंगा खांदे खाली खेचत आणि कण्यावर पृथ्वीइतका दाब आणत. ते दुखायचं. कंबरेखाली बोट ठेवून दाखवता येईल अशा दोन जागी ठणका लागे आणि मांडीतून खाली उतरे.

मान्यांच्या केतकीला तो ठणका सगळ्यांपेक्षा जास्त. पण पोरगी हट्टी. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि चंद्रावर गुरं कुठली? शिरोळची आत्या आपल्या म्हशीचे व्हिडिओ पाठवी, ते बघत केतकी दातओठ खाऊन पट्टा सोसायची. संध्याकाळी मात्र उशीत तोंड खुपसून रडायची. तिची आई शलाका कंबर शेकून देई. बाप केतकी लहान असतानाच बोगद्याच्या कामावर असताना दगावलेला, तेव्हापासून घरात दोघीच होत्या.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर बागवानांनी केतकीला बाहेर बसवलं आणि शलाकाला आत बोलावलं.

"शलाकाताई, या फटी बघा." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं हाड भरायला हवं होतं. भरलंय नुसतं मऊ जाळं. हिला उतरता येणार नाही."

"आणखी वर्षभर पट्टा घातला तर?"

"वाढीचं वय सरलं. आणि तरीही पाठवलीच, तर तिथं पहिल्यांदा उठून बसेल तेव्हाच हे मणके सरकतील. यातूनच पायांच्या नसा जातात. पाय जातील, लघवीचं भान जाईल." डॉक्टरांनी पडदा बंद केला. "एक विचारतो, रागावू नका. हे हाड निम्म्याच भारावर वाढलंय. स्प्रिंगा कुणी सैल केल्या?"

"मी," शलाका म्हणाली. "पट्टा पुसायला घ्यायची तेव्हा. रडायची हो पोर, बघवायचं नाही. आधी थोड्याशाच केल्या. मग तिला बरं वाटायला लागलं, हसायला लागली, म्हणून आणखी थोड्या. तिला वाटलं, सवय झाली."

"दुखतंय म्हणजेच सांधतंय, हे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंत."

डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे बसून राहिले. "तुम्ही पहिल्या नाही. अशी न सांधलेली हाडं दरवर्षी जास्तच दिसतायत. आम्हाला शिकवलं होतं, चंद्रावर माणसाची वेगळी जात व्हायला लाखो वर्षं लागतील. एवढी कसली लागतायत! आयाच करून ठेवतील ती जात." मग त्यांनी हळूच विचारलं, "बघवत नव्हतं, एवढंच ना?"

'उतरता येणार नाही' हे शब्द कानावर पडले तेव्हा शलाकाला आधी हायसं वाटलं होतं. रडू नंतर आलं होतं. हे तिचं तिला कळलं होतं, आणि आता ते विसरता येणार नव्हतं.

"तिला तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगते."

बाहेर केतकी बाकावर बसली होती. आईचा चेहरा दिसताच ती उठली.

"नाही ना जमलं?"

"केतू, अगं तो पट्टा..."

"पट्ट्याला कशाला बोल लावतेस? बाकीच्यांनी तोच घातला की." केतकीचा आवाज फाटला. तिनं आईचे दोन्ही हात घट्ट धरले. "माझंच हाड कच्चं निघालं. तू इतकी वर्षं शेकलंस, जागलीस, सगळं वाया घालवलं मी. मला माफ कर गं, आई."

शलाकानं तिला पोटाशी घेतलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीच्या पाठीवरून तिचा हात कितीतरी वेळ फिरत राहिला.

"असू दे गं बाळा," ती म्हणाली. "केलं माफ."