सीटखाली बांधलेला टायर

चुलीत अजून एक लाकूड सरकव, लापो, आणि ती सायकल भिंतीला नीट टेकव. साठ वर्षांची म्हातारी आहे ती, तिला असं ढकलू नये. उद्या पहाटे तुम्ही दोघं पहिल्यांदा जुन्या सायकलींच्या धूळफेरीला निघणार, म्हणून सांगतो. जिनेव्रा, तू हसतेयस. हस. मी थापा मारतो हे अख्ख्या मोंतेव्हेर्नो गावाला ठाऊक आहे. पण माझ्या थापांमध्ये मी कधी वाईट दिसत नाही, आणि ह्या गोष्टीत दिसतो. म्हणजे खरी समजा.

फोस्को आपल्या पोस्टात होता. बारीक, नीटनेटका, जुन्या सायकलींचं वेड. चौकाच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाच्या सायकलीतली खोट काढायचा. "अहो, तुमची सायकल एकोणसाठ सालची, आणि ब्रेकचा स्क्रू बहात्तरचा! लाज नाही वाटत?" त्याची स्वतःची निळी सायकल एकसष्टची. तीन हिवाळे खपून त्याने ती उभी केली होती. आणि तिच्या सीटखाली, चामडी पट्ट्याने घडी घालून बांधलेला, त्याचा जादा टायर.

आता टायर म्हणजे आजचे नव्हेत. आत ट्यूब घालून शिवलेला, रिमला गोंदाने चिकटवलेला. रस्त्यात फुटला की सोलून काढायचा आणि जादाचा बसवायचा, दुसरा इलाज नाही. हा टायर फोस्कोने सहा वर्षं तळघरात मुरवला होता, डुकराच्या खारवलेल्या मांड्यांच्या शेजारी, अंधारात. रबर असं घट्ट होतं म्हणतात. बायको म्हणायची, "मांडी तरी खाता येते. ह्याचं काय करणार?"

सात ऑक्टोबर, दोन हजार अठराची पहाट. पाच वाजायला दहा मिनिटं असताना फेरी सुटली. चंद्र नव्हता. दरीत धुकं. हँडलला दिवे लावून तीनशे सायकली पांढऱ्या मातीच्या रस्त्याने उतारावर निघाल्या. तीन सायप्रस झाडांच्या वळणावर एक म्हातारा सायकल उलटी करून उभा होता. आन्सेल्मो, पलीकडच्या वाडीतला गवंडी, शहात्तर वर्षांचा. गारगोटी घुसून पुढचा टायर फाटला होता, आणि जादाचा त्याने सुरुवातीलाच एका पोराला देऊन टाकला होता.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. थांबलेला दिसला की विचारायचं, "काही लागतंय का?" आणि त्याने म्हणायचं, "नाही, काही नाही." विचारणारा खूश, सांगणारा खूश. फोस्कोने ब्रेक दाबला आणि विचारलं, "काही लागतंय का, आन्सेल्मोकाका?"

"लागतंय रे बाबा," आन्सेल्मो म्हणाला. "टायर आहे का एखादा?"

फोस्कोला हे उत्तर ऐकायची सवयच नव्हती. पुढे एकशे तीस किलोमीटर होते. संध्याकाळी सर्वांत अस्सल सायकलीचं बक्षीस होतं, आणि परीक्षक सीटखालीसुद्धा वाकून बघतात. तो म्हणाला, "काका, आज नेमका विसरलो बघा."

आन्सेल्मोच्या दिव्याचा उजेड सरळ त्याच्या सीटखाली पडला होता. म्हाताऱ्याने टायर पाहिला. मग फोस्कोकडे पाहिलं. मग म्हणाला, "असू दे. तू नीघ. घाम गार पडेल."

तळव्याला खिळे ठोकलेले बूट घालून म्हातारा नऊ किलोमीटर चढ चढत परत आला, सायकल खांद्यावर. संध्याकाळी चौकात फोस्कोला बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत आन्सेल्मो पहिला होता. खोकत होता, पण वाजवत होता. फोस्कोने बक्षिसाची बाटली घेतली ती खाली मान घालून. लोकांना वाटलं, किती विनम्र माणूस.

नोव्हेंबरात आन्सेल्मो गेला. फुप्फुसं भरली.

चर्चच्या दारात त्याच्या बायकोने, एल्विराने, फोस्कोचे दोन्ही हात धरले. "तूच ना तो? मरेपर्यंत सांगत होता. म्हणाला, तीनशे जण गेले, एकटा फोस्को थांबला."

तिथेच बोलायचं होतं. फोस्कोने तोंड उघडलंही. मागे माणसं होती, फादर होते... तो म्हणाला, "काकू, एवढं काय त्यात."

त्या तीनशेत मी होतो, जिनेव्रा. मला म्हातारा दिसला होता. मी दुसरीकडे बघितलं. आता हसायचं असेल तर हस.

मग एल्विरा दर महिन्याला फोस्कोकडे डझनभर अंडी पाठवू लागली. वर्षभर. त्याने एक अंडं तोंडाला लावलं नाही, सगळी शेजारी वाटली. रस्त्यात ती दिसली की तो पोस्टाच्या मागच्या दाराने शिरायचा. निळ्या सायकलीवर धूळ बसली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गुडघा दुखतो."

सहा ऑक्टोबर, दोन हजार एकोणीस. हे पुढचं मला फोस्कोनेच सांगितलं. तो सगळ्यांच्या आधी निघाला. साडेचारला. एकटा. सीटखाली तोच टायर. वळणावर एखादा अडलेला भेटला तर त्याला देऊन टाकायचा, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल, असा त्याचा हिशेब.

वळणावर पोचला. कुणी नव्हतं. तो पाय टेकून उभा राहिला. चार वाजून पन्नास मिनिटं. वर गावात फेरी सुटल्याची घंटा झाली.

दिवा विझला.

बटण दाबलं. पुन्हा दाबलं. नाही.

मग आवाज. खालून, चढावरून. टक... टक... खिळ्यांच्या बुटांचा. आणि त्याबरोबर चाकाची बारीक टिकटिक, सायकल खांद्यावर असली की होते तशी.

आवाज जवळ आला. थांबला. हाताच्या अंतरावर. श्वास ऐकू येत नव्हता.

"काही लागतंय का?"

आवाज ओळखीचा. शांत. राग नाही त्यात.

फोस्कोला वर्षभर जे बोलायचं होतं ते सगळं घशाशी आलं. खोटं बोललो. माफ करा. हा घ्या टायर. सगळं आलं... आणि जीभ तिच्या सवयीने वळली.

"नाही," फोस्को म्हणाला. "काही नाही."

...



मग सायकल किंचित दबली. मागून. सीटखाली रबर कुरकुरलं. हवा किती आहे ते आपण अंगठ्याने चिमटून बघतो ना, तसं. एकदा. दोनदा.

मग टक... टक... वर गावाकडे.

दिवा आपोआप लागला. रस्ता रिकामा. टायर जागच्या जागी, पट्टा आवळलेला. फोस्को मात्र तिथेच रस्त्यात बसला आणि ढसाढसा रडला. भीतीने नव्हे. मेलेल्या माणसालासुद्धा आपण दुसऱ्यांदा खोटंच सांगितलं, ह्या लाजेने. तीनशे सायकली त्याच्या बाजूने गेल्या. प्रत्येक जण विचारत होता, "काही लागतंय का?"

तो फेरीला गेलाच नाही. सहा वाजता एल्विराच्या दारात उभा. तिने कॉफी चढवली होती.

"आज फेरी ना तुझी?"

"काकू, मी थांबलो होतो हे खरं. पण माझ्याकडे टायर होता. हा. मी नाही म्हणालो. काकांनी पाहिला होता."

एल्विराने गॅस बंद केला. "पाहिला होता?"

"हो."

"आणि मला काही बोलला नाही." तिने टायरवरून बोट फिरवलं. "वर्षभर माझी अंडी खाल्लीस."

"एकही नाही, काकू. शेजाऱ्यांना दिली."

"म्हणजे तेही वाया." मग म्हणाली, "तो इथे ठेव. आणि जा."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही. टायर तिने मागच्या खोलीत, जिथे आन्सेल्मोची सायकल आकड्याला लटकत होती, तिथे खिळ्याला अडकवला आणि कुलूप लावलं. त्या खोलीत फरशी विटांची आहे, आन्सेल्मोनेच घातलेली, माती नावाला नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता तिचा फोन मला, गावातला सायकलवाला मीच ना. "काय रे, रात्री येऊन उद्योग करून गेलास का?" मी गेलो. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात. कुलूप तिने माझ्यादेखत उघडलं.

खिळा रिकामा होता. टायर आन्सेल्मोच्या सायकलीच्या पुढच्या चाकावर. लेबल बरोबर वाल्वच्या समोर, जुने लोक बसवतात तसं. हवा टणक. मी दोन्ही अंगठे लावून सोलून बघितला, चाळीस वर्षं हेच काम केलंय मी. केसभर हलला नाही. तसा गोंद धरायला दोन रात्री लागतात.

पाऊस आठवडाभर नव्हता. आणि दोन्ही टायरांवर, खाचाखाचांत, पांढरा चिखल होता.

मी बोट लावून पाहिलं. ओला.