रस्त्याखालची गुरवाट

सांगा बघू पोरांनो, विश्वास कुणावर टाकावा? टोपी काढून गोड बोलणाऱ्यावर, की तोंडावर चार शिव्या हासडून आपलं काम करणाऱ्यावर? खिळे, कुलपं, फावडी विकण्यात आपला जन्म गेला. अर्धं लाँग आयलंड या गल्ल्यासमोर येऊन उभं राहिलं. शिव्या देणाऱ्यानं कधी बुडवलं नाही. बुडवलं ते गोड बोलणाऱ्यांनीच.

सरका, शेगडीजवळ या. दर रविवारी जुन्या मोटार-रस्त्याचे सिमेंटचे खांब हुडकत तुम्ही झाडीत हिंडता ना, त्याच रस्त्यावरची ही गोष्ट. घडली ती कॅझिक गोर्स्कीला. आणि कॅझिक थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच देवानं त्याला दिलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. संध्याकाळी कॅझिक दुकानात मोठी बॅटरी घ्यायला आला. त्याचा स्वतःचा जेसीबी आहे. उन्हाळ्यात पाये खणायचे, हिवाळ्यात गावातला बर्फ काढायचा. बर्फाचं काम मिळणं न मिळणं वकील टॅलमनच्या हातात. तोच त्या रस्त्याच्या समितीचा अध्यक्ष. जुन्या रस्त्याचा एक तुकडा साफसूफ करून फिरायची वाट केली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फीत कापायची होती. त्याआधी रस्त्याखालचा जुना बोगदा माती टाकून बुजव, असं टॅलमननं फर्मावलं होतं.

नेमकी कॅझिकची आत्या हेलेना दुकानात पाखरांचे दाणे घेत होती. वय अठ्ठ्याऐंशी, जीभ अठराची.

"काय बुजवतोयस रे?"

"बोगदा, आत्या. कुणी आत पडलं तर समितीच्या गळ्याशी येईल."

"आपली गुरवाट बुजवतोयस? पणजीला विचारलंस?"

"पणजी मेली, आत्या."

"मेली नाही गाढवा, मारली!"

कॅझिक लाल झाला. "मग काय करू? बर्फाचं काम गेलं तर हिवाळाभर काय खाऊ? तुझे पाखरांचे दाणे?"

"खा. तेवढीच अक्कल येईल."

आता तिचा राग का, ते ऐका. एकशेपंधरा-वीस वर्षांमागे शहरातल्या धनिकांना नुसत्या मोटारींसाठी रस्ता हवा होता. त्यावर घोडा नको, छकडा नको, पायी माणूस तर नकोच नको. दोन्ही अंगांना तारेचं कुंपण. तो रस्ता गोर्स्कींच्या बटाट्याच्या शेतातून सुरी फिरवल्यासारखा गेला. घर अलीकडे, कुरण पलीकडे. रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा माणूस टोपी काढून म्हणाला, "बाई, रस्त्याखालून गुरांना वाट ठेवतो. रात्रंदिवस उघडी." ठेवलीही. मग मोटारवाल्यांना शेणाचा वास यायला लागला. वाटेला लोखंडी फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं आणि किल्ली गेली लांबच्या टोलनाक्यावर.

एका रात्री कॅझिकची पणजी, यादविगा, पलीकडे गाय व्यायली म्हणून गेलेली. परत येते तो कुलूप. तान्हं पोर घरात रडतंय, ते तिला ऐकू येतंय. फाटक बडवलं, हाका मारल्या. कुणी येईना. शेवटी कुंपण चढून ती रस्त्यावर उतरली. मोटार आली. वेग कमी करायची तसदीही कुणी घेतली नाही.

कंपनीच्या वकिलानं लिहून दिलं की रस्ता खासगी आहे आणि बाई घुसखोर. स्वतःच्या शेतात घुसखोर! म्हणून ती मोजलीच गेली नाही. परवा लावलेला चकचकीत फलक वाचलात ना? 'या ऐतिहासिक रस्त्यावर एकही पादचारी दगावला नाही.' तो वाचून आजही डोकं फिरतं.

असो. रात्रीचे पावणेबारा. कॅझिक एकटाच. जेसीबीचे दिवे बोगद्याच्या तोंडावर. आत आधी बघून घेतलं होतं, रिकामा होता. फाटक केव्हाच भंगारात गेलेलं, भिंतीत गंजलेल्या बिजागऱ्या तेवढ्या उरलेल्या. त्यानं माती लोटायला सुरुवात केली. अलीकडचं तोंड अर्धं बुजलं. आणखी एक खेप. फटीएवढी जागा उरली.

मग आवाज आला.

लोखंडावर लोखंड. खण्... खण्...

त्यानं इंजिन बंद केलं. वाटलं, जेसीबीच्या बकेटचा दात दगडाला लागला असेल. पण यंत्र तर थांबलेलं.

खण्...

"कोण आहे?"

आतून गाय हंबरली. लांबून नाही. मातीच्या मागून.

आणि बाईचा आवाज. दमलेला. कॅझिकला आजोबा घरात बोलायचे त्या मायदेशच्या भाषेतले मोजके शब्द येतात. त्यातलाच एक.

"उघड."

भुताचा विचारही मनात आला नाही हो त्याच्या! त्याला वाटलं, आपण जिवंत माणसावर माती टाकतोय. तो पलीकडच्या तोंडाकडे धावला. पलीकडे जायचं तर रस्ता ओलांडायला हवा. कुंपणाची जुनी तार वाकवून तो वर चढला.

रस्त्याच्या मधोमध पोचला, आणि डाव्या हाताला उजेड...

दोन पिवळे दिवे. तिकडे तर आता रस्ताच उरलेला नाही, ओकची झाडं आहेत. दिवे झाडांतून येत होते. वेग कमी होत नव्हता.

त्यानं अंग झोकून दिलं. वारा डोक्यावरून गेला. मग काहीच नाही. अंधार.

पलीकडचं तोंड उघडं होतं. बॅटरी मारली. आत कुणी नाही. फक्त टोकाला त्यानंच टाकलेली माती. आणि त्या मातीपाशी, दिसत नव्हतं कुणी, पण...

खण्... "उघड."

खिशातला फोन वाजला. टॅलमन.

"झालं का रे कॅझ?"

"मिस्टर टॅलमन, आत... आत बाई आहे."

"या वेळी? तिथे कुणाला परवानगी नाही."

"आहे. मी ऐकतोय तिला."

टॅलमननं जांभई दिली. "मग घुसखोर असेल. पोलिसांचं मी बघतो. तू भर."

कॅझिकची भीती तिथेच संपली, असं तो सांगतो. कानशिलं तापली.

"तिचं नाव यादविगा," तो ओरडला. "शेत तिचं आहे. घुसखोर तू, तुझा बाप आणि तुझा रस्ता! बर्फ काढ आता स्वतःच्या हातानं!"

आणि फोन झाडीत भिरकावला.

परतला. जेसीबी चालू केला. टाकलेली सगळी माती उपसली. वेड्यासारखी. शेवटचा ढिगारा निघाला तसं इंजिन आपोआप बंद पडलं. दिवे विझले.

शांतता.

मग ऊब आली. गोठ्यात असते तशी. काहीतरी जड, सावकाश, त्याच्या अगदी जवळून गेलं. मागोमाग घाईची पावलं. त्याच्यापाशी किंचित थबकली...

गेली.

सकाळी फीत कापायला मंडळी आली. टॅलमनच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. बर्फाचं काम कॅझिकच्या हातून गेलं ते गेलंच. गुरवाट मात्र उघडी आहे. बुजवायला दुसरं कुणी तयार होईना.

कारण सगळ्यांनी पाहिलं. बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी, उपसलेल्या मातीवर, दुधानं भरलेली बादली. जस्ताची, जुन्या घाटाची. इतकी वर्षं दुकान चालवतोय, तसली बादली आपल्याकडे कधी आली नाही. आणि या भागात आता गाय म्हणाल तर आइस्क्रीमच्या डब्यावर.

हेलेना वाकली. दुधात बोट बुडवलं. थंडीनं सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

दुधातूनही निघत होती.

तेव्हा पोरांनो, त्या रस्त्याचं नवं माहितीपत्रक तुम्ही लिहिताय म्हणे. पुलांची लांबी चुकली तरी चालेल, खांब दोन कमीजास्त झाले तरी चालतील. पण माणसं मोजाल, तेव्हा एवढी विनंती ऐका... हिशेब प्रामाणिक ठेवा.