काश्यप गोत्राचा डूली

मीनल, ती फॅमिली ट्रीची वही आधी मिट. उद्या दिवसाउजेडी कर काय करायचं ते. आणि अजय, तू फिदीफिदी हसू नकोस. लंडनात एजवेअरला जन्मलास म्हणून भुतं तुला सोडतील असं वाटतं की काय?

मेलेल्यांची नावं गोळा करायची तर जपून करावीत. माझ्या शशीने जपलं नाही. शशी म्हणजे डॉक्टर शशिधर, माझा पुण्यापासूनचा दोस्त. सुप्रभावहिनी ही त्याची बायको. त्या बाईचा जीव एका रात्रीत जायचाच, कसाबसा वाचला. ऐकीव गोष्ट नाही हं ही. मी शशीच्याच हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला होतो.

सत्याऐंशी साल. उत्तर इंग्लंडात लँकेशायरमधलं एक मिल टाउन, कापडगिरण्यांचं गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. शशीच्या वॉर्डवर फ्रँक डूली नावाचा चार्ज नर्स, म्हणजे वॉर्डचा मुख्य नर्स होता. आयरिश घराणं. त्याचा पणजोबा मार्टिन डूली, दुष्काळात आयर्लंडमधल्या मेयोहून बोटीने लिव्हरपूलला उतरला, रेल्वेच्या खोदकामावर मजूर म्हणून लागला आणि बोगदा कोसळून मेला, असं घरातले सांगायचे. थडगं कुठे आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. फ्रँकला ते शोधायचं होतं.

एका शनिवारी शशी त्याला आपल्या गाडीतून काउंटी रेकॉर्ड ऑफिसला घेऊन गेला. दोघं दिवसभर मायक्रोफिल्म फिरवत बसले. अठराशे एक्कावन्नच्या सेन्ससमध्ये सापडला की मार्टिन! एका तळघरात, बायको ब्रिजेटसोबत. एकसष्टच्या सेन्ससमध्ये दोघंही गायब. तीन पोरं तेवढी वर्कहाउसमध्ये, गोरगरिबांना आणि अनाथांना ठेवायचे तिथे. दफनाच्या रजिस्टरातही मार्टिनचा पत्ता नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, जुन्या वर्तमानपत्रांत काही मिळालं तर पोस्टाने पाठवू.

परत येताना गाडीत फ्रँक रडला. सहा फुटी माणूस, ढसाढसा रडला. 'शशी, त्याला कुणी मूठमातीसुद्धा दिली नाही.'

आपला शशी मऊ मनाचा. म्हणाला, 'आमच्यात अशांना पाणी देतात. मी देतो तुझ्या पणजोबांना.'

किती चांगुलपणाचं वाटतं, नाही? बावीस सप्टेंबर, मंगळवार. सर्वपित्री अमावस्या. सकाळी हॉस्पिटलला निघायच्या आधी शशी मागच्या गार्डनमध्ये दक्षिणेला तोंड करून बसला. वडील झाले, आजोबा झाले, पणजोबा झाले. मग चौथं नाव घेतलं, मार्टिन डूली. आता त्याचं गोत्र काय सांगणार? माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, असा रिवाज आहे. शशीही काश्यप म्हणाला आणि तीळ घातलेलं पाणी तीनदा सोडलं.

अरे बाबांनो, शशीचं स्वतःचं गोत्र काश्यप! कळतंय का काय करून ठेवलं त्याने? त्या माणसाला नाव घेऊन हाक मारली आणि आपल्या घरातला करून घेतला. कोण, कुठला, कसला, काही माहीत नसताना. मला विचारलं असतं ना, तर कानाखाली आवाज काढला असता त्याच्या.

त्याच रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. फोन खाली, जिन्याच्या पायथ्याशी. वहिनी वर झोपल्या होत्या. शशीने उचलला. फ्रँक होता. लेट ड्यूटी करून नुकताच घरी पोचला होता आणि दारात रेकॉर्ड ऑफिसचं पाकीट पडलेलं. आत वर्तमानपत्राच्या बातमीची फोटोकॉपी.

फ्रँक म्हणाला, 'शशी, तो बोगद्यात मेला नाही. मार्च अठराशे अठ्ठावन्न. त्याने बायकोला मारलं. ब्रिजेटला. नुसत्या मुठींनी, पोरांच्या देखत, तिचे पुढचे दात पाडले, मरेपर्यंत मारलं. मग पळाला. कधी सापडलाच नाही. आमच्या लोकांनी लाजेखातर तो बोगदा रचला.'

वर धप्प झालं.

शशीला वाटलं, वहिनी उठल्या असतील. काहीतरी पडलं असेल.

'त्याने आधी दाराला कडी घातली,' फ्रँक वाचत होता. 'मग तिला केसांना धरून...'

वर परत. धप्प. धप्प.

'सुप्रभा?' शशीने हाक मारली.



'शशी, कसला आवाज आहे तो?' फ्रँकलाही फोनवर ऐकू येत होतं.

मग वरून वहिनींचा आवाज आला. बारीक, लहान मुलीसारखा.

'अहो... नका ना... अहो, नका मारू...'

...

ऐकलंत? अहो म्हणाल्या त्या. वर. आणि शशी खाली उभा, रिसीव्हर हातात.

तो धावला. जिना कसा चढला, त्याला आठवत नाही. दार आतून बंद. खांद्याने धडका दिल्या. आत मारणं चालूच. हाड मोडल्याचा आवाज आम्ही डॉक्टर ओळखतो. शशीने तो ऐकला. एकदा. परत एकदा.

मग सगळं शांत...

आणि दार आपलं आपण उघडलं.

वहिनी कोपऱ्यात. एक डोळा बंद. रक्त उशीवर, भिंतीवर, पडद्यावर. खिडकी आतून लावलेली. खोलीत दुसरं कुणी नाही. शशी पुढे झाला. वहिनींनी मान वर केली. त्याला पाहिलं...

किंचाळल्या. मोडलेल्या हाताने सरपटत पलंगाखाली शिरल्या.

फ्रँकने फोन ठेवून अँब्युलन्स बोलावली. साडेबाराला वहिनी माझ्यासमोर होत्या. तीन बरगड्या, मनगट, गालाचं हाड. पोलिसांनी विचारलं, कुणी मारलं? म्हणाल्या, 'माझ्या मिस्टरांनी.' फ्रँकने शपथेवर सांगितलं, 'शशी माझ्याशी फोनवर बोलत होता आणि मारण्याचा आवाज त्याच वेळी मी ऐकत होतो.' पोलिसांनी शशीला सोडलं. वहिनींनी नाही सोडलं. हॉस्पिटलातून त्या थेट लंडनजवळ क्रॉयडनला, भावाकडे, पद्माकरकडे गेल्या. शशी त्या दारात जाऊन उभा राहिला, रडला, पाया पडतो म्हणाला. वहिनींनी दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाल्या, 'चेहरा तुमचाच होता.' पंचवीस वर्षांचा संसार रे! मला अजून वाईट वाटतं.

आता जे सांगतो ते मी नऊ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हाच वहिनींना सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी दार उघडलं असतं. पण माझी छाती झाली नाही.

त्या रात्री शशी कॅज्युअल्टीच्या बाकावर बसला होता. उजवा हात कोटाच्या खिशात. मी म्हटलं, हात दाखव. नाही म्हणाला. मी ओढूनच काढला. मुठीवरची कातडी सोललेली. सगळी. दाराला धडका तर खांद्याने दिल्या होत्या ना? आणि मधल्या बोटाच्या गाठीत काहीतरी रुतलेलं. मी चिमट्याने काढलं.

दाताचा तुकडा. पुढचा दात. पिवळा, झिजलेला.

खोटं कशाला बोलू, माझं रक्त उकळलं. मला वाटलं, या हरामखोरानेच मारलंय आणि फ्रँक त्याला पाठीशी घालतोय. तुकडा ट्रेमध्ये टाकला. टॉर्च घेऊन तसाच वहिनींकडे गेलो. म्हटलं, 'वहिनी, तोंड उघडा.'

ओठाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. मी दात मोजले. वरचे मोजले, खालचे मोजले. मग परत पहिल्यापासून मोजले.

सगळे होते. एकही तुटलेला नव्हता.