“मला नको तुमची पोर!”

“रेणूला हितंच ठिवायचं ठरलंय.”

वैजनाथनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवता बुडवता हे असं सांगून टाकलं, जणू एखादी जुनी शिलाई मशीन सोबत न्यायची की मागं ठेवायची, एवढाच काय तो प्रश्न होता!... चुलीपुढं बसलेल्या रतनबाईचा हात परातीतल्या पिठावर तसाच थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी तिला भान नव्हतं. तिनं वळून धाकट्या जावेकडं पाहिलं. धनश्री मान खाली घालून ताटातला भात नुसता चिवडत होती.

धनश्री शेवगावातल्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. संसार आणि ड्युटी सांभाळून ती जर्मन शिकली, परीक्षा दिल्या आणि जर्मनीतल्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली. तिचा नवरा वैजनाथ कापसाच्या जिनिंगमधलं काम सोडून तिच्याबरोबर निघाला होता. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. तिथलं घरभाडं, थंडीत घर गरम ठेवायचं बिल, विमा, बसचा पास, तेला-डाळीचे भाव... तिकडं आधीच गेलेल्या मित्राला फोन करकरून वैजनाथनं सगळं पाठ केलं होतं. आणि एवढा हिशेब करून शेवटी खर्चातून वजा काय झालं, तर चार वर्षांची रेणू!

“तिकडं बालवाडीत लगेच जागा मिळत न्हाई वहिनी,” तो समजावू लागला. “मंग तिला संभाळायला मलाच घरी बसावं लागंल. एका पगारात तिथं भागत न्हाई. दोन-तीन वर्सं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. जम बसला की नेऊ. आन तुमाला तरी दुसरं कोन हाय? आनंदच व्हईल की तुमाला!”

आनंद!... तो शब्द रतनबाईच्या काळजात घुसला, कारण तो खोटा नव्हता. लग्नाला वीस वर्षं उलटून गेली तरी तिची कूस उजवली नव्हती. रेणू झाली, धनश्री ड्युटीवर जाऊ लागली आणि ते लेकरू रतनबाईच्याच मांडीवर वाढलं, ‘मोठी आई’ म्हणत तिच्याच पदराला धरून चालायला शिकलं. तिच्या तहानलेल्या अंतःकरणात क्षणभर एक लाट उसळली... रेणू माझी! कायमची माझी!

आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. मग संताप आला, असा की डोळ्यांपुढं अंधारलं!

तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी सरली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं आणि लहानग्या रतनला मामाच्या दारात सोडून कारखान्याकडं निघून जायचं. ‘पोट भरायचं तर पोर मागं ठिवावी लागती,’ असं सगळे म्हणायचे. मामानं तिला उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. पण एका उन्हाळ्यात परतलेल्या आईनं हात पसरले, तेव्हा रतन किंचाळून मामीच्या मागं लपली होती. ती दरी पुढं कधी भरलीच नाही. आई गेली, त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि रतनबाई कोरड्या डोळ्यांनी एखाद्या शेजारणीसारखी बसून होती. आईच्या मरणापेक्षा त्या कोरडेपणाचं दुःख तिला आजवर जाळत होतं!

समजावून उपयोग नव्हता. ‘लेकराला आई लागती’ म्हणावं, तर ‘तुमीच तर तिच्या आई’ हे उत्तर तयार होतं. हे दार एकाच रीतीनं बंद होणार होतं...

ती ताडकन उठली.

“मला नको तुमची पोर!”

“रतन!” तिचा नवरा बिभीषण ताटावरून अर्धवट उठला. “काय बोलतीस?”

“बराबर बोलते! चार वर्सं केलं ते लई झालं. फुकटची आया समजलात व्हय मला? तुमी तिकडं ऐटीत ऱ्हानार आन मी हितं तुमचं पोर निस्तरनार? घिऊन जा तिला!”

धनश्रीचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई... तुम्ही बोलताय हे? तुमच्याच जिवावर तर मी नोकरी केली!”

“मंग आता माज्या जिवावर उठू नको!”

वैजनाथनं ताट दूर ढकललं. “कुनापुढं बोलतोय आपन! वांझोटीला काय कळनार लेकराची माया!”

रतनबाईला वाटलं, जळतं लाकूड ओढून त्याच्या तोंडावर फेकावं, ओरडून सांगावं की तू बाप असून तुला कळली नाही ती माया मला कळली!... पण तिनं तो शब्द विषासारखा गिळला.

“न्हाई कळत,” ती म्हणाली. “म्हनून तर सांगते, घिऊन जा.”

धनश्रीनं झोपाळलेल्या रेणूला उचलून छातीशी कवटाळलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज धारदार होता. “रेणू आमच्याबरोबर येणार! एका खोलीत राहीन, जादा ड्युट्या करीन, एक वेळ उपाशी राहीन... पण या बाईच्या दारात माझी पोर टाकणार नाही!”

‘या बाईच्या’... रतनबाईनं पाठ फिरवली. तिला हवं होतं तेच झालं होतं, आणि तेच तिचं हृदय विदीर्ण करत होतं!

निघायच्या दिवशी धनश्रीनं देव्हाऱ्याला नमस्कार केला, बिभीषणच्या पायांना हात लावला आणि रतनबाईसमोरून ती तशीच निघून गेली. जीपमधून रेणूचा “मोठी आई!” असा टाहो ऐकू येत होता. रतनबाई आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यावर डोकं टेकून, पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. बिभीषण आत आला. तिला तशी पाहिली आणि सगळं उमगून तो चिडला.

“एवढा जीव हुता तर मंग कशापायी वाईटपना घेतलास?”

“तुमी गप ऱ्हायचं,” ती हुंदके आवरत म्हणाली. “कुनाला म्हनून सांगायचं न्हाई.”

तिकडची खबर बिभीषणच्या फोनवरून कळायची. घर म्हणजे एकच खोली. बालवाडीत नंबर लागेपर्यंत वैजनाथ घरी आणि धनश्री कामाला. पैशांची ओढाताण, त्यावरून भांडणं. रतनबाईशी मात्र कुणी बोलायचं नाही. गावातल्या बायकाही कुजबुजायच्या, ‘पोर नको म्हनली म्हनं!’ ती ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी फोन वाजला. बिभीषणनं न बोलता तो तिच्या हातात दिला. पडद्यावर धनश्री होती, रडून सुजलेली... आणि भयंकर चिडलेली!

“खोटारड्या आहात तुम्ही ताई!”

रतनबाई गांगरली. “काय झालं गं?”

“काल मी ड्युटीवरून आले. ही पाणी घेऊन आली, माझे बूट काढायला बसली. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणते मोठ्या आईनं! म्हणते, निघायच्या आदल्या रात्री मोठी आई रडत होती, म्हणाली, आई दमून येईल, तिला पाणी द्यायचं. कुणी काही म्हणलं तरी आईचा हात सोडायचा नाही!... मी इतके महिने तुम्हाला शिव्या घातल्या ताई! एकदा, एकदा तरी सांगायचं मला!”

“सांगितलं असतं, तर ठिवून गेली असतीस.”

धनश्रीनं तोंडावर ओढणी दाबली. मागून वैजनाथ पुढं आला. त्याला वर बघवत नव्हतं.

“वहिनी... मी तवा जे बोललो...”

“भावजी,” रतनबाईचा आवाज चढला, “तो शब्द मी मरेपतूर इसरनार न्हाई! तुमच्यावरचा राग गेलेला न्हाई माजा. जायाचा बी न्हाई इतक्यात!”

“नगा जाऊ देऊ,” तो कसाबसा म्हणाला. “पन बोलत जावा.”

रतनबाईचा हात फोन बंद करायला सरकला आणि मधेच थांबला.

“रेणू कुठं हाय?”

“जेवतेय ताई... थांबा, दाखवते,” म्हणत धनश्रीनं फोन समोर टेकवून ठेवला आणि लेकीला मांडीवर घेतलं. रेणू वरणभात खात होती. आईनं भरवलेला घास तिनं तोंडात धरला, पडद्याकडं टक लावून पाहिलं आणि खुदकन हसली.

रतनबाई भिंतीला टेकून खाली बसली. पदर डोळ्यांना लावायचंही तिला सुचेना. रेणूचं ताट रिकामं होईपर्यंत ती पाहत राहिली.