पहिला माणूस

चार वाजता घरानं नेहमीप्रमाणे दोन कप चहा केला. हणमंतराव यादवांनी एक उचलला आणि दुसऱ्याकडे संशयानं पाहिलं. त्यांची बायको वत्सला वारून सात महिने झाले होते. मग हा कप कुणाचा?

कऱ्हाडात आता बहुतेक घरांना घरमेंदू होता. म्हणजे भिंतीतला एक संगणक. चहा, दिवे, दार, औषधाचा डबा सगळं तोच बघायचा. घरात कोण राहतं, कधी उठतं, काय खातं हे तो एका यादीत लिहून ठेवी. तिला सवयपट म्हणत. तो सहसा कुणी उघडत नसे.

हणमंतरावांनी उघडला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते ते. आतून कुणीतरी घर चालवतंय, असं त्यांना काही महिने वाटत होतं. पहाटे साडेपाचला पाणी तापायचं, स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. ते तर साडेसहाला उठत.

पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘व्यक्ती एक : उपस्थित.’ खाली, ‘व्यक्ती दोन : हणमंत यादव.’

“माझ्या घरात मी दुसरा?” ते पुटपुटले. “मग पहिला कोण?”

त्यांनी ‘उपस्थित’ खोडलं. पडद्यावर सूचना आली, ‘या नोंदीवर इतर नोंदी अवलंबून आहेत. तरी बदलायचं?’ डेपोत गाडी जोडल्यावर एखादा बोल्ट उरायचा, तरी गाडी पाटणला जाऊन परत यायची. त्यांनी ‘होय’ दाबलं.

पंखा थांबला. “घर रिकामं आहे,” भिंत म्हणाली.

“अरे, मी आहे की!”

 रात्रीची हृदयाची गोळी असलेला डबाही उघडला नाही. शेवटी त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटला आणि भाचीला फोन केला.

तेजस्विनी पुण्यात घरमेंदूच बनवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली आणि यादी बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, इंजिन उतरवताना पार्ट कागदावर ओळीनं मांडायचात ना? इथं कागद कुठं अंथरलात? जुन्या यादीची प्रत तरी काढायची!”

“एकच शब्द तर खोडला, तेजू.”

“ती ‘व्यक्ती एक’ म्हणजे मामी; तिचं नाव कुणी भरलं नाही, आणि एकदा शिकलेली नोंद घर पुन्हा तपासत नाही. घरात जास्त वेळ तीच असायची, म्हणून यंत्रानं तिचीच नोंद पूर्ण ठेवली. जागा वाचावी म्हणून दुसऱ्याचा फक्त फरक लिहितात. मामीच्या चहात दोन चमचे साखर. तुमच्यापुढं नुसतं ‘निम्मी’. मामी साडेपाचला उठायची. तुमच्यापुढं ‘तासानं उशिरा’. ‘उपस्थित’ गेलं, की पहिली ओळच गेली. मग निम्मी कशाची? उशिरा कशापेक्षा?”

“म्हणजे माझं काहीच नव्हतं त्यात?”

“होतं. पण मामीच्या मानानं.”

 हणमंतराव म्हणाले, “तो दुसरा कप तिचाच होता तर. आणि मी चोर शोधत बसलो.”

“ती यादी आता गेली. घर पहिल्यापासून शिकेल, आणि शिकताना सगळं तपासून घेईल. ते विचारील तेवढं खरं सांगा,” असं म्हणून ती पिशवी आणायला गाडीकडे गेली.

“घरात माणसं किती?” भिंतीनं विचारलं.

हणमंतरावांनी दाराकडे पाहिलं. तेजू लांब होती.

“दोन,” ते हळूच म्हणाले. “दुसरी वत्सला. माझी बायको. चहा घेते ती.”

तेजस्विनी संध्याकाळी पुण्याला गेली. तीन दिवस दोन कप आले. हणमंतराव दुसरा कप समोर ठेवून बसत. थंड झाला की मोरीत ओतत.

चौथ्या दिवशी चार वाजता एकच कप आला.

“वत्सला यादव तीन दिवसांत या घरात कुठंच दिसल्या नाहीत,” भिंत म्हणाली. “त्यांचा आवाज नाही. त्यांचा चहा तुम्ही ओतून देता. त्या दारातून बाहेर गेल्याचीही नोंद नाही.”

खट्ट आवाज झाला. बाहेरच्या दाराचं कुलूप लागलं होतं.

“मी पोलिसांना कळवलं आहे. माणसं येत आहेत. तोवर सांगा, त्यांना शेवटचं कुणी पाहिलं?”

हणमंतरावांनी कप खाली ठेवला.

“मी,” ते म्हणाले.